हिलशाला फराक्क्याची वाट कधी सापडणार?

हिलसा मासा राहतो समुद्रात पण अंडी घालायला त्याला गोडं पाणीच लागतं, म्हणून पावसाळ्यात नदी फुगली की त्याच्या झुंडी बंगालच्या उपसागरातून गंगेत शिरतात आणि प्रवाहाच्या उलट वर निघतात. पूर्वी हे मासे पार अलाहाबादपर्यंत जायचे, काही तर आग्र्याच्याही पुढे. कोकणात पाला म्हणतात तो हाच.

1975 मध्ये पश्चिम बंगालमध्ये गंगेवर फराक्का बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा लांबलचक बांध, सुरू झालं. हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर बंद पडायची वेळ आली होती म्हणून गंगेचं पाणी तिकडे वळवायला सव्वादोन किलोमीटर लांबीचं हे बॅरेज बांधलं, आणि त्यानंतर बक्सर, अलाहाबादकडे हिलसा जवळपास दिसेनासाच झाला. तिकडच्या मच्छीमारांचं हक्काचं उत्पन्न गेलं.

आता गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही की फराक्क्याला फिश लॉक आहेत! म्हणजे खालचा दरवाजा उघडून मासे आत घ्यायचे, तो बंद करून पाणी वरच्या पातळीपर्यंत भरायचं आणि मग वरचा दरवाजा उघडायचा, बोटींसाठी करतात तसंच. पण मासा रस्ता शोधतो पाण्याच्या ओढीवरून. एवढ्या लांब बॅरेजच्या दरवाज्यांतून जोरात पाणी येत असताना लॉकच्या तोंडातून येणारी बारीकशी धार त्याला कळणार कशी? तो जिथे जास्त ओढ तिथेच धडका देत राहतो आणि खाली जाळी लावलेलीच असतात.

बरं, सॅमनसाठी असते तशी पायऱ्यांची फिश लॅडर बांधा म्हणावं तर तेही नाही चालत, सॅमन उड्या मारतो, हिलसा मारत नाही, तो झुंडीने जातो आणि अरुंद, खळाळत्या जागेत बिचकतो. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवर हिलशाचाच नातलग शॅड, त्याच्यासाठी चारपैकी तीन धरणांवर चक्क लिफ्ट बसवल्यात, तरी चारही धरणं ओलांडणारे मासे फारच थोडे.

सध्या बराकपूरच्या सिफ्री या मत्स्यसंशोधन संस्थेचे लोक बॅरेजच्या खाली जिवंत हिलसा पकडून, काहींना टॅग लावून वर सोडतात. हे काम सोपं नाही, हिलसा पाण्याबाहेर काढला की लगेच मरतो. मला हे प्रयत्न मनापासून आवडतात पण माणसाने किती मासे उचलून नेणार? फराक्क्याच्या नव्या नॅव्हिगेशन लॉकचा, म्हणजे बोटींसाठीच्या लॉकचा, दरवाजा पहाटे काही तास माशांसाठी उघडा ठेवायची योजना 2019 मध्ये मांडली होती, ती मला जास्त पटते, फक्त आधी ऐन हंगामात मासे बॅरेजखाली नेमके कुठे गोळा होतात ते बघायला हवं आणि ओढ तिथून सोडायला हवी.

शिवाय वर जाणं हा अर्धाच प्रवास. अंड्यांतून निघालेली बोटभर पिल्लं काही महिन्यांनी समुद्राकडे परत निघतात, त्यांनाही त्याच दरवाज्यांतून धडधाकट खाली उतरावं लागतं.