शॅडो टीचर शेजारी बसली म्हणजे मुलाला मदत मिळाली, असं खरंच होतं का?

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, आमच्या मुलाला शॅडो टीचर मिळेल का, आम्ही पैसे भरायला तयार आहोत." पुणे, ठाणे, मुंबईच्या खासगी शाळांत तर हे आता नेहमीचंच झालंय, मुलाला ऑटिझम आहे, एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकवणं आणि शांत बसणं अवघड जाणं) आहे, वाचन जड जातंय, की एक ताई दिवसभर त्याच्या बाकाशेजारी. पालकांना वाटतं चला, आपल्या लेकराकडे बघायला कोणीतरी आहे, वर्गशिक्षिकेला वाटतं आता बाकीच्यांना नीट शिकवता येईल, आणि शाळेला वाटतं प्रश्न मिटला. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. पण या व्यवस्थेचा मोठा आणि नीट केलेला अभ्यास झालाय, आणि त्यातून जे निघालं ते आपल्या सगळ्यांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे.

हा अभ्यास इंग्लंड आणि वेल्समधला. तिथल्या सरकारी शाळांत वर्गशिक्षकाच्या मदतीला टीचिंग असिस्टंट असतात आणि विशेष गरजा असलेल्या मुलांची बरीचशी जबाबदारी त्यांच्याकडेच जाते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधले पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या टीमने 2003 ते 2008 या काळात हे सगळं तपासलं, सुमारे 8,200 मुलांची इंग्रजी, गणित आणि विज्ञानातली प्रगती बघितली, वर्गात बसून निरीक्षणं केली, संवाद रेकॉर्ड केले. निष्कर्ष असा निघाला की ज्या मुलांना असिस्टंटची मदत जास्त मिळाली त्यांची वर्षभरातली प्रगती, तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली.

आता कोणीही लगेच म्हणेल, अहो मदत जास्त मिळते ती ज्याला अडचण जास्त त्यालाच, मग तो मागे पडणारच ना, त्यात त्या ताईचा काय दोष. शंका अगदी रास्त आहे आणि संशोधकांनी ती आधीच धरली होती. त्यांनी मुलाचे आधीचे मार्क, त्याला विशेष गरज आहे की नाही, घरची आर्थिक परिस्थिती हे सगळं हिशेबात घेतलं, म्हणजे सुरुवातीला एकाच पातळीवर असलेल्या, सारखीच अडचण असलेल्या मुलांची एकमेकांशी तुलना केली, आणि तरीही फरक तसाच राहिला. म्हणजे कारण मुलाच्या आत नव्हतं, मदत कशी दिली जातेय त्यात होतं. आणि याच अभ्यासात हेही दिसलं की असिस्टंट आल्यावर शिक्षकांवरचा ताण कमी झाला, वर्गातला गोंधळ कमी झाला. वर्ग छान चालतोय, शिक्षक खूश आहेत, पालक निश्चिंत आहेत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच कमी शिकतोय. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण अशा वर्गाबद्दल तक्रार करायला कोणीच पुढे येत नाही.

असं का होत असेल ते एका गणितावरून बघूया. तिसरीचा वर्ग आहे, फळ्यावर लिहिलंय, आईने 24 लाडू 6 डब्यांत सारखे भरले तर एका डब्यात किती लाडू? मुलगा वाचतो, थांबतो, खिडकीकडे बघतो. शेजारची ताई हळूच म्हणते, "भागाकार करायचाय. 24 भागिले 6. सहाचा पाढा म्हण बरं, सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा, सहा चोक?" मुलगा म्हणतो, "चोवीस." "शाब्बास, मग लिही इथे चार." वहीत उत्तर बरोबर, मॅडम बरोबरची खूण करतात, संध्याकाळी घरी वही बघून आईपण खूश. पण हा भागाकाराचा प्रश्न आहे हे ताईने ठरवलं, संख्या ताईने निवडल्या, कुठला पाढा ते ताईने सांगितलं, तिथपर्यंत ताईच पोचली आणि मुलाने फक्त पाढ्यातला पुढचा शब्द पुरा केला. गणित सुटलं ते ताईच्या डोक्यात.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. माहिती आपण जेव्हा स्वतः आठवून बाहेर काढतो तेव्हाच ती पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याचा एक सुंदर प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला, आणि आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे होते. आठवायला त्रास होतो तो त्रासच शिकवत असतो. शेजारी बसलेलं प्रेमळ माणूस नेमका तोच त्रास काढून घेतं, आणि तेही ज्या मुलाला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याकडून. ब्लॅचफर्ड यांच्या टीमने रेकॉर्ड केलेल्या संवादातही हेच दिसलं, शिक्षक समजावून सांगत होते, विचार करायला लावणारे प्रश्न विचारत होते, तर असिस्टंटचा भर हातातलं काम पूर्ण करून घेण्यावर होता, बऱ्याचदा उत्तर त्याच पुरवत होत्या. यात त्या ताईंना दोष द्यायचा नाही, कारण आज काय शिकवणार आहे हे त्यांना बहुतेक वेळा वर्गात बसल्यावरच कळायचं, शिक्षकांशी आधी बोलायला वेळच ठेवलेला नसायचा. आपल्याकडे वेगळं काय आहे?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ताई शेजारी असली की वर्गशिक्षिका त्या बाकाकडे कमी येतात. मुद्दाम नाही, आपोआपच होतं ते, तिथे कोणीतरी आहे ना. म्हणजे शाळेतली सगळ्यात जास्त शिकलेली, अनुभवी व्यक्ती ज्याला सगळ्यात जास्त हवी त्यालाच सगळ्यात कमी मिळते. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्येच हे नोंदवलं होतं, सतत चिकटून बसलेल्या मोठ्या माणसामुळे वर्गशिक्षक मुलाला आपला मानत नाहीत, मूल प्रत्येक गोष्टीसाठी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागतं, आणि बाकीची मुलं त्याच्याजवळ यायची कमी होतात. शेवटचा मुद्दा मधल्या सुट्टीत कधीतरी जाऊन बघा, डबा खाताना पोरांच्या घोळक्यात एक मोठी बाई बसलेली असेल तर पोरं पोरांसारखी बोलतच नाहीत.

मग करायचं काय, ताईंना काढून टाकायचं? अजिबात नाही. प्रश्न त्यांचा उपयोग कोण आणि कसा ठरवतं हा आहे, आणि इथेच शाळेत विशेष गरजांचं काम बघणाऱ्या प्रमुखाची भूमिका येते. इंग्लंडमध्ये या पदाला सेंको म्हणतात, तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना हा शब्द चांगला ओळखीचा असेल. तिथे प्रत्येक सर्वसाधारण सरकारी शाळेत सेंको असणं कायद्याने बंधनकारक आहे, ती व्यक्ती प्रशिक्षित शिक्षकच असावी लागते, आणि 2015 च्या तिथल्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की मूल असिस्टंटकडून किंवा तज्ज्ञाकडून मदत घेत असलं तरी त्याच्या प्रगतीची जबाबदारी वर्गशिक्षकाचीच. सेंको शाळेच्या व्यवस्थापन टीममध्ये असावी असंही त्यात सुचवलंय. का ते उघड आहे, वेळापत्रक तिथे ठरतं.

आपल्याकडे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम त्यात आले. ऑक्टोबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलं. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. कागदावर बरंच काही आहे. पण शाळेच्या आत बहुतेक ठिकाणी स्पेशल एज्युकेटर मॅडमना एक छोटी खोली दिलेली असते, मुलं तासातून उठून तिथे जातात, आणि वर्गात त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही. मला मनापासून वाटतं की या मॅडमचं पहिलं काम मुलाला शिकवणं हे नाहीच, ते मूल वर्गशिक्षिकेला परत मिळवून देणं हे आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर आधी वर्गातल्या सूचना बघायच्या. "वह्या काढा, तारीख टाका, पान 42 उघडा, तिसरा प्रश्न वाचा आणि उत्तर पेन्सिलने लिहा" ही एका दमात दिलेली सूचना पाच भागांची आहे. आपण एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवू शकतो याला मर्यादा असते, मोठ्या माणसालाही साधारण चारच नग जमतात आणि लहान मुलांना त्याहून कमी, एडीएचडी किंवा वाचनाची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांना आणखी कमी. त्यामुळे ते मूल पान 42 उघडून शून्यात बघत बसतं आणि आपण म्हणतो लक्ष नसतं त्याचं. सूचना दोन-दोन करून दिली आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली की ताईची बरीचशी मदत लागतच नाही. दुसरं म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला असं आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी ऐकू येतं. फुकटचा उपाय आहे हा.

मग ताईंशी बोलायचं. लाडवांच्या त्याच गणितात आधी काहीच न बोलता थांबायचं. मग विचारायचं, "आता काय करायचं असं वाटतंय तुला?" तरी नाही जमलं तर छोटीशी खूण, "मागच्या आठवड्यात पेढे वाटले होते ना आपण, ते आठव." तरीही अडलं तर दुसरं गणित स्वतः करून दाखवायचं, 12 लाडू आणि 3 डबे, आणि मग हे त्याला करू द्यायचं. उत्तर सांगणं अगदी शेवटी, तेही क्वचित. मदत सगळ्यात कमीपासून सुरू करायची आणि लागेल तशीच वाढवायची. ऐकायला सोपं आहे पण करताना फार जड जातं, मूल अडलेलं बघून गप्प बसणं हे चांगल्या माणसाला नैसर्गिकपणे जमत नाही, त्याचा सराव लागतो. म्हणून शिक्षिका आणि ताई यांना दिवसाकाठी दहा मिनिटं एकत्र बसता येईल असा वेळ वेळापत्रकातच हवा, आणि तो मुख्याध्यापकांकडून मिळवणं हे प्रमुखाचं काम. तसंच काही तासांना अदलाबदल करायची, ताईने बाकीच्या वर्गात फेरी मारायची आणि शिक्षिकेने त्या मुलाच्या गटात बसायचं.

वर्गाबाहेरच्या वेगळ्या तासाला जागा आहेच, फक्त तो नेमका हवा. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या शिक्षणावरचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने जमवलेल्या पुराव्यानुसार, प्रशिक्षण घेतलेल्या असिस्टंटनी ठरलेला कार्यक्रम लहान गटाला दिला तर वर्षात तीन-चार महिन्यांची जादा प्रगती होते, अट एवढीच की सेशन छोटं हवं, 20 ते 50 मिनिटांचं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, 8 ते 20 आठवडे. हेच लोक, हाच पगार, पण काम ठरवून दिलेलं. मराठीसाठी मात्र इंग्रजीच्या वर्कशीट उचलून चालणार नाही. आपल्या लिपीत शेकडो अक्षरं तयार होतात, पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, र तर कधी डोक्यावर रफार होतो, कधी पायात तिरकी रेघ होतो, कधी ट च्या खाली जाऊन बसतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या 2007 च्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीत सगळी अक्षरं हाताशी यायला प्राथमिकची बरीच वर्षं लागतात. मराठीची घडणही तशीच असल्यामुळे पहिलीत बाराखडी संपली म्हणून वाचनाचा सराव थांबवला तर तिसरी-चौथीत जोडाक्षरांशी मुलं अडकतात, आणि त्यातली कोणाला खरंच डिस्लेक्सिया (म्हणजे वाचन-लेखनातली मुळातली अडचण) आहे आणि कोणाला फक्त सराव कमी पडलाय हे कळायचा एकच सरळ मार्ग, आधी नीट सराव देऊन बघणं. अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटची वाट बघत दोन वर्षं घालवायची नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. फिट येणारं मूल, शौचाला मदत लागणारं मूल, अचानक वर्गातून पळून जाणारं मूल, यांना जवळ माणूस लागतोच आणि त्याबाबत कोणी पालकांशी घासाघीस करू नये. वरचा अभ्यास शिकण्यातल्या प्रगतीबद्दल आहे, सुरक्षिततेबद्दल नाही. पण अशा मुलांच्या बाबतीतही, शिकवायची वेळ आली की शिकवणार कोण हा प्रश्न उरतोच.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शॅडो टीचर वगैरे काही नसतं, तिथे विशेष शिक्षक अनेक शाळा सांभाळत फिरत असतात आणि एका शाळेच्या वाट्याला थोडेच दिवस येतात. ते तास मुलाला बाजूला घेऊन बसण्यात गेले तर पुढच्या भेटीपर्यंत काहीच होत नाही. त्यापेक्षा गुरुजींसोबत वर्गात बसून, त्या मुलाचं एक गणित किंवा एक उतारा दोघांनी मिळून बघावा, कुठे अडतंय ते ठरवावं, पुढच्या भेटीपर्यंत रोज काय करायचं ते वहीत लिहून द्यावं. नोंदपण साधीच ठेवायची, मुलाने किती सोडवलं यापेक्षा कितव्या मदतीला सोडवलं ते लिहायचं, नुसतं थांबल्यावर, प्रश्न विचारल्यावर, खूण दिल्यावर की करून दाखवल्यावर. आठ-दहा आठवड्यांनी ती पानं उलटून बघितली की कळतं मूल एकेक पायरी मोकळं होतंय का, आणि होत नसेल तर मदत वाढवण्याआधी शिकवण्याची पद्धत बदलायची.