पार्श्वभूमी : अन्ननलिकेचा ‘नटक्रॅकर’ आणि चिंतेचा शेरा

सांगली-मिरजेत अन्ननलिकेच्या हालचालीचा आजार पकडला जातो तोवर रुग्णाची फाइल बरीच जाड झालेली असते. छातीत कळ आली की पहिला संशय हृदयावर, आणि तो असायलाच हवा. कार्डिओग्राम, टूडी एको, टीएमटी, गरज पडली तर अँजिओग्राफी. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवल्यावर कळ थांबली म्हणून घरच्यांची खात्री पटते की हे हृदयाचंच. पण त्या गोळीने अन्ननलिकेचा आकसलेला स्नायूही सैल पडतो. हृदय ठीक निघालं की पित्ताच्या गोळ्या, मग दुर्बीण, तीही स्वच्छ. शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं सांगून रुग्णाला घरी पाठवतात.

या भागाला डॉक्टरांची कमतरता कधी नव्हती. मिरजेत मिशनचं रुग्णालय 1894 पासून आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथे येत आले. अडचण तपासणीची आहे. दुर्बीण नळीचं अस्तर दाखवते. स्नायूंचा जोर आणि ताल कळतो तो मॅनोमेट्रीत, म्हणजे नाकातून बारीक नळी सोडून घोटागणिक दाब मोजला जातो तेव्हा. दुर्बीण आता तालुक्याच्या गावीही होते, तशी ही होत नाही.

फार मागे जायचं तर 1674 साली इंग्लंडमध्ये घास न उतरणाऱ्या एका रुग्णाला व्हेलच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून अन्न खाली ढकलायला शिकवल्याची नोंद आहे. ‘मनाचा घशाशी काय संबंध’ याचं उत्तरही मॅनोमेट्रीच्या आधीचं आहे. 1940 साली अन्ननलिकेत दुर्बीण घातलेली असतानाच रुग्णाशी भीतीच्या विषयांवर बोललं गेलं, तेव्हा नळी आवळताना डोळ्यांना दिसली. दिलासा देणारं बोलल्यावर ती सैल झाली. म्हणजे संबंध आहे यावर वाद नव्हताच. वाद पुढचा आहे, आणि तो एका आकड्यावरून झाला.

1979 साली अमेरिकेत ‘नटक्रॅकर अन्ननलिका’ हे निदान रूढ झालं. घास ढकलणारी स्नायूंची लाट सरळ, क्रमाने खाली जाते, पण फार जोरात. रेषा ठरली 180 मिलिमीटर पाऱ्याची, दाब त्यापुढे गेला की नटक्रॅकर. ती पक्की झाली 1987 साली, 95 निरोगी प्रौढांचे दाब मोजून, सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) धरून. अशी रेषा मारली की काही धडधाकट माणसं आपोआप तिच्या पलीकडे जाणार, हे सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तरीही छातीत दुखणाऱ्या माणसाच्या हातात ‘नटक्रॅकर’ लिहिलेला कागद पडला की त्याला हायसं वाटायचं. आजार खरा आहे, मी नाटक करत नाही, हे सासरी-माहेरी दाखवता यायचं. या कागदाचं मोल डॉक्टरांना पुरेसं कळलं असं मला वाटत नाही.

त्या निदानाला तडा गेला तो औषधांमुळे. 1987 सालीच दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत रक्तदाबासाठी वापरतात त्या निफेडिपिनने नटक्रॅकरचा दाब चांगलाच उतरला, पण दुखणं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं नाही. दुसरीत नैराश्यावरचं ट्रॅझोडोन कमी मात्रेत सहा आठवडे दिलं. दाबाच्या आलेखाशी त्याच्या गुणाचा संबंध दिसला नाही, पण रुग्णांचा त्रास हलका झाला. मग दुखत होतं ते दाबामुळे नव्हे तर कशामुळे? 1983 च्या एका अभ्यासात दाबाचे असे बिघडलेले आलेख असलेल्या 25 पैकी 21 जणांत मानसिक विकाराचं निदान निघालं होतं. ‘म्हणजे सगळं मनाचं’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला. माझ्या मते तो चुकला. अन्ननलिकेकडून येणारा साधा संदेशही मेंदूपर्यंत मोठा होऊन पोचतो, आणि सतत तिकडे लक्ष लागलं की आणखी मोठा होतो. इथे दुखणं खोटं कुठे ठरतं?

2009 पासून मॅनोमेट्रीतल्या दाबाचे रंगीत नकाशे वाचण्यासाठी शिकागो वर्गीकरण वापरात आलं. 2015 च्या तिसऱ्या आवृत्तीत नटक्रॅकर वगळला गेला, कारण तसा आलेख निरोगी माणसांतही सापडत होता. उरला तो त्याहून कितीतरी जोराचा ‘जॅकहॅमर’, तोही किमान 20 टक्के घोटांत जोराचा निर्देशांक 8000 च्या वर गेला तर. 2021 च्या चौथ्या आवृत्तीने आणखी अट घातली : घास अडकणं किंवा छातीत दुखणं अशी लक्षणं नसतील तर नुसत्या आलेखावर हे निदान करायचं नाही.

निर्णय शास्त्राला धरून होता, पण ज्यांच्या फायलीत तो शब्द होता त्यांना कोणी सांगितलं नाही. जुना रिपोर्ट घेऊन नव्या डॉक्टरकडे गेलेल्याला ‘असं काही नसतं आता’ एवढंच ऐकू येतं, आणि दुखणं तर तसंच असतं. त्यात झोपताना घ्यायला कमी मात्रेची नैराश्यावरची गोळी लिहून दिली की घरी शब्द ठरलेला, ‘डोक्याच्या गोळ्या’. ती गोळी इथे नसांची संवेदना उतरवण्यासाठी असते, हे चिठ्ठी देतानाच दोन मिनिटं समजावलं तर निम्म्या गोळ्या कपाटात पडून राहणार नाहीत.

2018 पासून अन्ननलिकेकडे असं सतत लक्ष लागून राहण्याची आणि त्याबद्दलच्या चिंतेची मोजणी करणारी 15 प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यावरून झालेल्या कामात लक्षणांची तीव्रता आलेखापेक्षा या गुणांशी जास्त जुळलेली दिसली, निदान कुठलंही असो. पोटाने श्वास घेण्याचा सराव आणि वर्तनोपचार त्यामुळेच उपचारात आले. रोजच्या जगण्यात हे फार साधं दिसतं. कोरडी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणं, कढत-गार टाळणं, जत्रेच्या जेवणावळीत ‘जेवून आलोय’ म्हणणं. शेवटचं मात्र वाढत गेलं तर माणूस लोकांत जेवणंच सोडतो.

चिंतेचा शेरा सगळ्यात महाग पडतो तो अकलेशिया या अन्ननलिकेच्याच आजारात. तिथे नळीची खालची झडप सैल होतच नाही. पाणीसुद्धा अडकतं, रात्री न पचलेलं अन्न तोंडात येतं, वजन उतरतं, आणि अशा लोकांनाही कित्येक महिने पित्ताच्या आणि झोपेच्या गोळ्यांवर ठेवलं जातं. त्यावर फुग्याने झडप रुंदावणं, स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया (ही 1913 पासूनची), आणि 2008 साली जपानमध्ये माणसांवर प्रथम केलेली तोंडावाटे दुर्बिणीतून स्नायू कापण्याची पद्धत असे उपाय आहेत. ही लक्षणं असतील तर दुर्बीण स्वच्छ आली तरी बेरियम (पांढरं द्रावण पाजून काढलेला एक्स-रे) आणि मॅनोमेट्री मागून घ्यावी.