टाकीतल्या पिवळ्या मादीचा निळा नर

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पिवळा ब्लूहेड रास (bluehead wrasse) हा मासा काही आठवड्यांत निळ्या डोक्याचा झाला, की दुकानदाराने आधी रंग टोचला असावा किंवा खाद्यात काही रसायन असावे, अशी शंका हौशी मत्स्यपालकांकडून ऐकू येते. गोड्या पाण्यातील पारदर्शक काचमाशांना रंग टोचण्याचा क्रूर प्रकार बाजारात चालत आलेला असल्याने ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु या माशाच्या बाबतीत घडते ते पूर्णपणे नैसर्गिक असून रंगापेक्षा कितीतरी खोलवरचे आहे.

कॅरिबियन समुद्र, फ्लोरिडा आणि बर्म्युडाच्या प्रवाळखडकांवर राहणाऱ्या या माशाच्या माद्या आणि काही लहान नर पिवळे असतात. मोठ्या नराचे डोके निळे, त्यामागे दोन काळ्या पट्ट्यांमध्ये एक फिकट पट्टा आणि उरलेले अंग हिरवे असते. खडकावरील असा नर नाहीसा झाला, की उरलेल्यांतील सर्वांत मोठी मादी काही मिनिटांतच त्याच्यासारखी वागू लागते. ती इतरांना हुसकावते, माद्यांभोवती घिरट्या घालते, आणि या वेळी तिच्या पोटात अंडाशयच असते. शस्त्रक्रियेने अंडाशय काढून टाकलेल्या माद्याही नर हटवल्यावर असेच वागतात, हे संशोधक गॉडविन, क्रूज आणि वॉर्नर यांनी १९९६ मध्ये दाखवले. याचा अर्थ असा, की मादीचा नर होण्याच्या या बदलाची सुरुवात मेंदूत होते आणि जननग्रंथी मागून येते. साधारण आठ ते दहा दिवसांत त्या ग्रंथीत शुक्राणू तयार होऊ लागतात.

ग्रंथीत काय होते, हा या विषयातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. अंडाशयात अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, आणि हे इस्ट्रोजेन अंडाशय टिकवणाऱ्या जनुकांना चालना देत राहते. म्हणजे या माशाचे मादीपण जन्मतःच कायमचे ठरलेले नसून समईत तेल घालत राहावे तसे रोज राखलेले असते. नर गेल्यावर अरोमाटेजचे जनुक झपाट्याने मंदावते, इस्ट्रोजेन घटते, अंडाशयाच्या पेशी विरू लागतात आणि वृषणाची जनुके जागी होतात. यामागची पहिली कळ कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक दाबत असावे, असा संशोधकांचा कयास आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की या काळात डीएनएतील अक्षरांचा क्रम तोच राहतो, मात्र त्यांतील सायटोसिन या अक्षरावर चिकटलेल्या मिथिल या छोट्या रासायनिक गटांची मांडणी जनुकसंचभर नव्याने होते. ज्या जनुकाच्या आरंभभागावर हे गट दाटतात ते सहसा मिटते आणि जिथून ते उतरतात ते उघडू शकते; जनुक तेच, वाचन निराळे.

घरच्या टाकीसाठी यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. पिवळ्या माशांवर वचक ठेवणारा मोठा नर नसेल, तर त्यांतील सर्वांत मोठा मासा बहुधा निळा होणारच. एकाच टाकीत दोन निळे नर सोडू नयेत. सतत पोहणाऱ्या या माशाला किमान साडेतीनशे लिटरची टाकी, लपायला वाळू व कपारी आणि घट्ट झाकण लागते, कारण घाबरला की तो बाहेर उडी मारतो. शोभेची छोटी कोळंबी त्याच्यासोबत ठेवल्यास ती खाल्ली जाईल, हे धरून चालावे.

गोव्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. जून ते सप्टेंबर मांडवी आणि झुआरी इतके गोडे पाणी समुद्रात आणतात, की मिरामार किंवा दोना पावलाच्या किनाऱ्यावरून भरून आणलेले पाणी दिसायला समुद्राचे असले तरी क्षाराने पातळ आणि गढूळ असते. त्याऐवजी शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ विरघळवून सापेक्ष घनता १.०२३ ते १.०२५ राखावी. मे महिन्यात पाणी थंड ठेवणारे यंत्र नसेल, तर २५ ते २७ अंश तापमान राखणे कठीण जाते; शिवाय त्या दिवसांत पाणी वाफ होऊन उडते आणि मीठ मागे उरते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

टाकीतील मासा मेला म्हणजे घरावरचे अरिष्ट त्याने आपल्यावर घेतले, असे अनेक घरांत मानले जाते. या समजुतीने मृत्यूचे खरे कारण शोधलेच जात नाही आणि पुढच्या माशाचाही बळी जातो. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रास आणूच नये. मासा दगावलाच, तर लगेच अमोनिया मोजावा, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो.