पाचारण, नेमणूक आणि ‘सिद्ध करणे’ : बेळगाव भागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात सध्या पुन्हा शिष्यत्व ट्रेनिंगचे बोर्ड लागायलेत, दोन दिवसांचं शिबिर, फाईल, पेन, जेवण आणि शेवटी सर्टिफिकेट. चांगलंच आहे ते, पण पाचारण, म्हणजे देव मिशनसाठी माणूस बोलावतो ते, नेमकं काय आणि त्याला तयार कोण करतं हा वाद आपल्याकडं बराच जुना आहे, आणि तो माहीत नसला की मग पास्टर आणि मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, दोघंही एकमेकांवर रुसून बसतात. म्हणून हे थोडं मागचं.

येशूचे बारा शिष्य, सत्तर जणांची पाठवणी, अंत्युखियात प्रार्थना करून पौल-बर्णबाला पाठवलं ते, हे बायबलमधलं सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. एकच गोष्ट नजरेत असू द्या. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात बारा जण नेमले ते आधी त्याच्याबरोबर राहावेत म्हणून आणि मग त्यांना पाठवता यावं म्हणून. आधी सोबत, मग पाठवणी. आपल्या भागात हा क्रम बऱ्याचदा उलटा झालाय असं मला वाटतं.

आता खरी गाठ आहे ती इफिसच्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाची. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक दिले ते कशासाठी, तर पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामासाठी ‘सिद्ध’ करायला. हा सिद्ध शब्द आपल्या इकडं फार घोळ घालतो. सिद्ध म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हुबळीचे सिद्धारूढ येतात, म्हणजे पोचलेला माणूस, ज्याला आता काही शिकायचं उरलं नाही. मग साधा विणकर, साधी भाजीवाली म्हणते आपण कुठले सिद्ध, ते पाद्रीसाहेबांचं काम. पण मूळ ग्रीक शब्द ज्या क्रियापदाच्या घरातला आहे तेच क्रियापद मार्कच्या पहिल्या अध्यायात जब्दीची पोरं तारवात बसून जाळी नीट करत होती तिथं आलंय. गलतीकरांच्या पत्रात चुकलेल्या भावाला परत वळणावर आणायचं सांगितलंय तिथंही तेच. जुन्या ग्रीक वैद्यकात हाच शब्द निखळलेलं हाड जागेवर बसवायला वापरायचे. म्हणजे सिद्ध करणं म्हणजे फाटलेलं सांधणं, निखळलेलं बसवणं, कामाला लागेल असं करणं. हिडकल धरणाच्या काठाला सकाळी गेलात तर दिसेल, मच्छीमार जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतो, बोटं फिरवत फाटलेला डोळा शोधतो, सापडला की तिथंच गाठ मारतो आणि पुढं सरकतो. नवं जाळं घेत नाही, आहे तेच उद्या पाण्यात टाकायचं असतं.

त्याच ओळीत दुसरा वाद स्वल्पविरामाचा. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, नंतरच्यांनी घातली. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात ‘पवित्र जनांना पूर्ण करणे’ ह्याच्यापुढं स्वल्पविराम आहे, त्यामुळं अर्थ असा होतो की पाळकाची कामं तीन, लोकांना पूर्ण करणं, सेवा करणं, ख्रिस्ताचं शरीर म्हणजे मंडळी उभी करणं, म्हणजे सगळं पाळकानंच. स्वल्पविराम काढला की पाळकाचं काम एकच राहतं, लोकांना तयार करणं, आणि सेवा लोकांनी करायची. विसाव्या शतकात बहुतेक भाषांतरं ह्या दुसऱ्या बाजूला सरकली. आजही काही अभ्यासक पहिलाच अर्थ बरोबर मानतात, त्यांच्याकडं व्याकरणाची कारणं आहेत. पण आमच्या भागाला पहिल्या अर्थानं काय केलं ते मी बघितलंय, त्यामुळं माझा कल कुठं आहे ते उघड आहे.

आता आपल्याकडचं. बेळगावचा किल्ला 1818 ला इंग्रजांकडं गेला, आणि 1820 ला बेल्लारीहून आलेल्या एका पाद्र्यानं लंडनच्या मिशनचं काम बेळगावात सुरू केलं. तिकडं धारवाड-हुबळीला 1837 नंतर बासेल मिशनचे स्विस-जर्मन लोक आले, ते कन्नडमध्ये. आपल्याकडं मात्र मराठीही, कन्नडही. 1904 ला लंडनवाल्यांनी बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, हातात दिलं आणि तिथून पाचारण ह्या शब्दाला एक नवा शेजारी मिळाला, नेमणूक.

मेथडिस्ट पद्धत अशी की दरवर्षी कॉन्फरन्स भरते आणि बिशप नेमणुकांची यादी वाचतात, ज्याचं नाव जिथं येईल तिथं त्यानं जायचं. पद्धत वाईट नाही, मुळात ती घोड्यावरून फिरणाऱ्या प्रचारकांची, एका जागी मुळं धरू नयेत म्हणून. आणि त्याच मेथडिस्टांकडं लोकल प्रीचर, क्लास लीडर, म्हणजे आपलं काम सांभाळून सेवा करणारी माणसं हीसुद्धा सोय होती, उलट तीच जुनी ताकद. पण खेड्यांतून माणसं गटागटानं येऊ लागल्यावर पगारी माणसाशिवाय काही हलेना. बोर्डिंगमधला पोरगा सातवी झाला की मास्तर, मास्तर झाला की पाद्री, आणि त्याचा पगार बाहेरून. मग लोकांच्या तोंडात देवाचं बोलावणं आणि मिशनची नोकरी एकच झाली. आमच्या आज्जी नवीन पास्टर आले की सरळ विचारायच्या, "पास्टर, तुमची बदली झाली की तुम्हाला बोलावणं आलं?" त्या मनापासून विचारायच्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

वर घाटाच्या पलीकडं हाच काटा कवी ना. वा. टिळकांना टोचला होता. त्यांनी 1917 ला मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची संगत सुरू केली, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळ्यांना घेऊन. 1919 ला ते गेले आणि तो प्रयोग वाढला नाही, पण त्यांची भजनं आजही आमच्या देवळात पेटीवर वाजतात.

1956 हे साल आपल्याला सीमाप्रश्नामुळं लक्षात आहे, मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलो ते. त्याच वर्षी अमेरिकेत मेथडिस्टांनी बायकांना पूर्ण पाळकपदाचा हक्क दिला. इकडं बायबलबाया, म्हणजे बायकांना वचन शिकवणाऱ्या मिशनच्या बाया, आधीपासून घराघरात जात होत्या, जात्यावर बसून वचन शिकवत होत्या, पण त्यांचं काम कुणी पाचारण म्हणून मोजलं नाही. आणि राज्य बदलल्यावर ट्रेनिंगची भाषाच अडली. मराठी घरातला पोरगा पुण्याकडं शिकला तर परत येऊन कन्नड मंडळीत अडखळतो, मंगळूर-बंगळूरला शिकला तर निपाणीत मराठीत प्रार्थना करताना शब्द शोधतो. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

1970 ला उत्तर भारतातल्या चर्चेसची एकी झाली तेव्हा मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाजूला राहिले, 1981 ला स्वतंत्र झाले. कॅथलिक बाजूला बेळगावचं धर्मप्रांत 1953 चं, आणि 1965 ला व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं की अख्खी मंडळीच स्वभावानं मिशनरी आहे. 2018 ला टांझानियातल्या अरुशात जगभरच्या चर्चेसनी शिष्यत्वाचंच आवाहन काढलं. सगळे फिरून त्या स्वल्पविरामापाशीच आले म्हणायचं.

अलीकडचं म्हणजे कर्नाटकातला धर्मांतराचा कायदा. विधेयक विधानसभेत पास झालं ते डिसेंबर 2021 ला, आपल्याच बेळगावच्या सुवर्ण सौधात, 2022 ला कायदा झाला, जून 2023 ला मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. धर्म बदलायच्या तीस दिवस आधी नोटीस द्यायची अशी त्यात अट. तेव्हापासून पास्टरनी घरोघरी जायचं कमी केलं आणि जे काम उरलं ते शेजारणींनी केलं, आजारी माणसाजवळ बसणं, डबा देणं, विचारलं तर सांगणं.

आमच्या शहापूरच्या मामी हातमागावर बसायच्या. त्यांची एक दोनशेपानी वही आहे. डाव्या पानावर मराठी भजन, उजव्या पानावर कन्नड गाणं देवनागरीत लिहिलेलं, कारण कन्नड बोलता यायचं पण वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानांवर गल्लीतली घरं, कोण आजारी, कुणाचा पोरगा मिलिट्रीत, कुणाकडं भांडण. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, यादीत नाव कधीच नव्हतं. त्यांना तयार केलं ते एका बायबलबाईनं, दोन वर्षं आपल्याबरोबर घरोघरी फिरवून. वही आता त्यांच्या नातीकडं आहे, ती दर बुधवारी संध्याकाळी घेऊन निघते, आणि सोबत खालच्या गल्लीतल्या एका पोरीला नेते.