जीआय पाइप आणि चंदेरी रंग

‘जीआय पाइप आहे, गंजायचा प्रश्नच नाही; वेल्डिंगवर चंदेरी रंग मारला की झालं,’ असं गेट बनवणारे फॅब्रिकेटर सर्रास सांगतात. अर्धंच खरं. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ताचा थर दिलेलं लोखंड. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात पाइप बुडवला की जस्त नुसतं चिकटत नाही, लोखंडाबरोबर मिश्रधातूचे थर बनवतं. पुढे बारीक ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं. साध्या रंगाला हे जमत नाही. पण जस्त ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगच्या आर्कपुढे ते टिकणार कसं? म्हणून गेटचे सांधेच आधी तांबूस होतात. चंदेरी रंगात बहुधा ॲल्युमिनियमची पूड असते, ती डाग झाकते इतकंच. सांधा घासून जस्तयुक्त प्रायमर लावा. त्याहून बरं म्हणजे गेट वेल्ड करून मगच जस्तात बुडवणं. पाइपात वाफ कोंडून स्फोट होऊ नये म्हणून भोकं मात्र ठेवावी लागतात.