‘डॉक्टर हू’चं पार्श्वसंगीत: वादाची पार्श्वभूमी

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या संगीतावरून श्रोत्यांमध्ये आज जे वाद होतात, त्यांतले बहुतेक फिरून २०१८ सालच्या एका निर्णयापाशी येतात. २००५पासून मालिकेचं संगीत एकहाती सांभाळणारे संगीतकार बाजूला झाले आणि ते काम पंचविशीतल्या एका नव्या संगीतकाराकडे गेलं.

त्याआधीचा इतिहासही काही शांततेचा नाही. १९६३चं शीर्षकसंगीत वाद्यवृंदाशिवाय तयार झालं. छेडलेल्या तारेचा एक आवाज, चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर (विजेवर सूर काढणारी यंत्रं) आणि एकेका सुराचे कापून जोडलेले टेपचे तुकडे, एवढीच सामग्री होती. ज्या स्त्रीने ते या रूपात घडवलं तिचं नाव पडद्यावर झळकायला २०१३ साल उजाडलं, आणि तोवर ती हयात नव्हती. बीबीसीच्या ध्वनी-कार्यशाळेतल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा तेव्हा दंडक होता. हा अन्यायच होता.

१९७२ मधल्या एका कथेचं सबंध इलेक्ट्रॉनिक संगीत काहींना आजही ऐकवत नाही, तर काहींना तेच मालिकेतलं सर्वांत धाडसी काम वाटतं. १९८० साली नव्या निर्मात्याने, सत्तरच्या दशकातल्या बहुतेक कथांना संगीत देणाऱ्या संगीतकाराला निरोप दिला आणि सगळं काम त्याच कार्यशाळेकडे सोपवलं. मोजक्या वादकांच्या जागी सिंथेसायझर आले.

मध्यंतरी बंद पडलेली मालिका २००५ मध्ये परतली तेव्हा पहिल्या मोसमातला वाद्यवृंद संगणकावरचा होता. त्याच वर्षीच्या नाताळ विशेष भागापासून वेल्सचा खराखुरा ऑर्केस्ट्रा आला आणि मालिकेचा आवाजच बदलला. प्रत्येक पात्राला स्वतःची सुरावट मिळाली. २०१० साली आलेली, मुख्य पात्राची म्हणजे डॉक्टरची धून सात मात्रांची आहे. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला तिची घाई लगेच उमगते. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २००८, २०१० आणि २०१३ साली या संगीताच्या मैफली झाल्या. याच वर्षांत, संगीतापुढे संवाद ऐकूच येत नाहीत, ही तक्रारही वाढत गेली, आणि ती खोटी नव्हती.

नव्या संगीतकाराने २०१८ मध्ये नेमकी उलटी वाट धरली. शीर्षकसंगीतासाठी त्याने १९६३च्या मूळ ध्वनींकडे धाव घेतली. पहिल्या भागाला सुरुवातीची नामावली नव्हतीच, त्यामुळे नवं शीर्षकसंगीत ऐकू आलं ते थेट शेवटी. भागाच्या आत लांबवर धरलेले सूर, इलेक्ट्रॉनिक पोत आणि पुष्कळ मोकळी जागा. डॉक्टरसाठी धून होती, पण ती जपून वापरलेली. ‘गुणगुणायला काही उरत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे संगीत जवळजवळ नाकारलंच. मला हा निकाल पटत नाही. प्रसंगात काय वाटायला हवं हे आधीच सांगून मोकळं होणाऱ्या संगीताची तेरा वर्षांत सवय झाली होती, आणि नव्या कामाला त्याच मापाने मोजलं गेलं. त्या वर्षांतल्या पटकथा अनेकांना आवडल्या नाहीत, त्याचा रागही संगीतावर निघाला.

नोव्हेंबर २०१८ मधला फाळणीचा भाग या वादात पुरेसा आठवला जात नाही, याचं वाईट वाटतं. १९४७चा पंजाब, एक लग्नघर आणि घरातच उभी राहणारी सीमा. तिथे संगीत दुःख फुगवत नाही. शेवटच्या नामावलीत तर नेहमीचं शीर्षकसंगीतच भारतीय वाद्यं आणि गायकाचा आवाज घेऊन येतं. परक्या देशाची फोडणी म्हणून दोन तुकडे सतारीचे टाकून भागवण्याची पाश्चात्त्य मालिकांची जुनी खोड पाहिली, की इथली कदर जास्तच जाणवते.

२०२३च्या साठाव्या वर्षाच्या विशेष भागांसाठी आधीचे संगीतकार परत आले आणि ऑर्केस्ट्राही पुन्हा भरून वाजू लागला. अनेकांना घरी आल्यासारखं वाटलं. संवाद बुडतात ही तक्रारही त्यांच्यामागोमाग परतली, आणि २०१८ ते २०२२च्या ध्वनिमुद्रिका पुन्हा काढून ऐकणारे श्रोतेही आता दिसू लागले आहेत.