रसेलचे ब्लॉक कोणी मोजलेच नाहीत

कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर आणि गंगापूर रोडकडच्या कोर्टांवर बास्केटबॉलचा विषय निघाला की गाडी ‘आजवरचा सर्वोत्तम कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स?’ यावर येतेच. नव्वदच्या दशकात केबलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, पाहिलेले नाशिककर जॉर्डनची बाजू सोडत नाहीत. पहाटे उठून मोबाइलवर सामना पाहणारी पोरं लेब्रॉनचे आकडे तोंडपाठ सांगतात. हा वाद समजून घ्यायचा तर १९६१-६२च्या मोसमापर्यंत मागे जावं लागतं.

त्या मोसमात विल्ट चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुणांची होती. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतल्या हर्शी गावात त्याने एकाच सामन्यात १०० गुण केले. ऑस्कर रॉबर्टसनने तर गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखून मोसम संपवला. तरीही मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान बचावासाठी गाजलेल्या बिल रसेलला मिळाला, रॉबर्टसन तिसरा आला. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. रसेलसमोर बास्केटखाली उभं राहणं काय असतं, हे त्यांनी अंगावर झेललं होतं. हे मत मला फार मोलाचं वाटतं, कारण ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

१९८०-८१पासून मतदान पत्रकारांकडे गेलं. पुढे २०१६-१७मध्ये रसेल वेस्टब्रूकने रॉबर्टसनसारखीच तिहेरी सरासरी राखली आणि तो मान त्याला मिळाला. रॉबर्टसनबद्दल मला आजही हळहळ वाटते.

नोंदींची गोष्ट तर याहून बोचरी आहे. ब्लॉक (समोरच्याची फेक हाताने अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडून चेंडू हिसकावणं) अधिकृतपणे मोजायला १९७३-७४मध्ये सुरुवात झाली. बिल रसेल १९६९मध्येच निवृत्त झाला होता. ज्या कामासाठी त्याची ख्याती, त्याचाच अधिकृत आकडा नाही! फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याच्या शेवटच्या, १९६९च्या फायनलपासून सुरू झाला आणि तो गेला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टकडे. २००९मध्ये त्या पुरस्काराला रसेलचंच नाव दिलं गेलं.

विजेतेपदं मोजायची तर १३ मोसमांत ११ जिंकणारा रसेल निर्विवाद पहिला यायला हवा. पण १९९१ ते १९९८ या काळात जॉर्डनने सहा फायनल खेळून सहाही जिंकल्या, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम ठरला, आणि तेव्हापासून ‘किती रिंग?’ (म्हणजे विजेतेपदाच्या अंगठ्या) हा प्रश्न त्याच्या मापाने विचारला जाऊ लागला. रसेलचं नाव काढलं की लोक म्हणतात, तेव्हा संघच किती होते! मुद्दा खरा आहे. तो आला तेव्हा आठ होते, आज तीस आहेत. मात्र काळाचा हिशोब धरायचा तर तो सगळ्यांसाठी धरायला हवा. करीम अब्दुल-जब्बारने कारकिर्दीत ३८,३८७ गुण केले, त्यांत तीन गुणांची बास्केट फक्त एक. ज्या रेषेबाहेरून टाकल्यावर तीन गुण मिळतात, ती रेषाच एनबीएत १९७९-८०मध्ये आली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याला मागे टाकणाऱ्या लेब्रॉनच्या खात्यात अशा बास्केट दोन हजारांहून जास्त आहेत.

अलीकडे खेळाडूची कामगिरी एका आकड्यात मांडणारी, जॉन हॉलिंजरच्या पीईआरसारखी सूत्रं आली, आणि त्यांच्यासोबत निकोला योकिच या वादात शिरला. २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ४१व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींना मी त्याचे पास पाहायला सांगतो. ज्या करीमला ते मानतात, त्याच जागेवर खेळून हा माणूस पॉइंट गार्डचं, म्हणजे खेळ रचून देणाऱ्याचं, काम करतो.